पाठ नसलेला कोट

आमच्या घरात मी ही गोष्ट सांगायला लागलो की ईरा, म्हणजे आमची मुलगी, ताट उचलून सिंककडे चालू लागते. एरवी ताट उचलण्यासाठी तिला विनवण्या कराव्या लागतात. त्यामुळे मंजिरीची, म्हणजे माझ्या बायकोची, या गोष्टीला कधी हरकत नसते. "सांग, सांग," ती म्हणते, "तेवढीच आवराआवर होते." तर सांगतो. गोष्ट आमच्या आयर्लंडमधल्या पहिल्या घरमालकांची आहे, आणि थोडीशी आईच्या फोटोची.

इथे भाड्याचं घर बघायला जाणं म्हणजे मुलगी बघायला जाण्यासारखंच. फरक इतकाच की सगळे नवरदेव एकाच वेळी हॉलमध्ये उभे असतात आणि एकमेकांचे बूट न्याहाळत असतात. शॅननपासून थोडं आत, एका खेड्याच्या टोकाला ते घर होतं. मी तेव्हा नुकताच शॅननच्या औद्योगिक वसाहतीत, हृदयात बसवायच्या नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो होतो. नळ्या मी बनवत नाही. नळ्या तपासणारे नीट तपासतात की नाही, हे मी तपासतो. हे आईला समजावून सांगितल्यावर ती म्हणाली होती, "म्हणजे तू तिथेही काही करत नाहीस."

त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात फाइल होती. पगाराच्या पावत्या, आधीच्या घरमालकांची शिफारसपत्रं. एका जोडप्यानं तर आपल्या कुत्र्याचंही शिफारसपत्र आणलं होतं. मालकांनी एकही फाइल उघडली नाही. उंच, वाकलेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. स्वेटरच्या कोपरांना ठिगळं आणि उजव्या हाताची बोटं कोळशासारखी काळी. ते एकेकाला मागच्या शेडमध्ये नेत, नक्षीदार खुर्चीत बसवत, डोक्यामागे एक लोखंडी चिमटा लावत, "हलू नका" म्हणत आणि पाठ फिरवून काहीतरी पुटपुटत. माझ्या आधीचा माणूस हसला. त्याच्या आधीच्यानं फोन काढला. माझी अक्कलदाढ त्याच सकाळी काढलेली होती. अर्धा चेहरा बधिर, हसणं शक्यच नव्हतं, आणि हललो असतो तर लाळ गळली असती. मी पुतळ्यासारखा बसलो. त्यांनी वळून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ग्रँड. घर तुमचं." ग्रँड म्हणजे इथे 'ठीक'पासून 'उत्तम'पर्यंत काहीही.

अक्कलदाढ गेल्यामुळे ज्याचं भलं झालं असा आमच्या घराण्यात मी पहिलाच.

पुढे त्यांनी मला खुलासा केला होता. "हसणारा माणूस वाईट नसतो. पण हसलं की काम होतं, असं त्याला वाटत असतं."

त्यांच्या पणजोबांनी दीडएकशे वर्षांपूर्वी त्या शेडमध्ये फोटोचा स्टुडिओ थाटला होता. उत्तरेकडच्या छपराला काच, भिंतीवर रंगवलेला पडदा, पडद्यावर संगमरवरी कठडा, तळं आणि दोन हंस. खेड्यात तळं होतं. हंस आणि संगमरवर यायचे होते, ते अजून आलेले नाहीत. मालक तो स्टुडिओ हौसेनं चालवायचे. पणजोबा काचेवर फोटो घेऊन कागदावर छापत. मालकांची मजल पत्र्यापर्यंत: काळा रंग दिलेल्या पत्र्यावर औषध ओतायचं, ओलं असतानाच कॅमेऱ्यात घालायचं, की फोटो थेट त्या पत्र्यावरच उमटतो. एकच प्रत. त्या औषधानंच बोटं काळी व्हायची. औषधाच्या बाटल्या शेजारीच असलेल्या त्यांच्या घराच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, ज्याला इथे 'प्रेस' म्हणतात, मुरंब्याच्या बरण्यांशेजारी ठेवलेल्या. मंजिरीनं पहिल्याच आठवड्यात घरात जाहीर केलं, की मालकांकडे चहा प्यायचा, बिस्कीट खायचं, पण मुरंब्याला शिवायचं नाही.

कॅमेऱ्याचं झाकण किती वेळ उघडं ठेवायचं हे ते घड्याळावर ठरवत नसत. मेरीमातेची प्रार्थना पुटपुटत. लख्ख ऊन असेल तर एकदा. आयरिश ऊन असेल तर दोनदा. नोव्हेंबरात फोटो काढायला आलेला माणूस तीर्थयात्रा करूनच उठायचा.

समोर बसलेल्या प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असे: "कोण दिसायचंय?" तुम्ही कोण आहात, हे ते कधीच विचारत नसत. "कोण आहात ते तुमच्या आईला माहीत असतं आणि पोलिसांना. माझ्याकडे त्यासाठी कोणी येत नाही." स्वतः मात्र ते जन्मात कुणाच्या कॅमेऱ्यासमोर बसले नव्हते. फोटो लागतो म्हणून पासपोर्ट काढला नाही. गाडीच्या लायसन्सवर फोटो सक्तीचा झाल्यावर त्यांनी लायसन्सच सोडून दिलं आणि सायकल घेतली. "भिंतीसमोर उभं करून खटकन मारतात," ते म्हणाले, "फोटो आहे की गोळी?"

आता कोटाचं. शेडमध्ये खुंटीवर एक काळा कोट होता. मखमली कॉलर, चांदीसारखी बटणं, त्यातलं तिसरं गायब. समोरून बघितलात तर लाटसाहेबाचा. मागे गेलात तर कोटाला पाठच नव्हती. कॉलरपासून खालपर्यंत कापून, दोन्ही बाजूंना नाड्या लावलेल्या. बारीक माणूस आला की नाड्या आवळायच्या, जाडा आला की सैल सोडायच्या. सोबत कुत्र्याच्या डोक्याची मूठ असलेली काठी आणि काटे रंगवलेलं खिशातलं घड्याळ. अनवाणी आलेला शेतमजूर त्या कोटात बसायचा आणि प्रार्थना संपेपर्यंत जमीनदार व्हायचा. मग नाड्या सोडायच्या, की पुन्हा अनवाणी. फोटो मात्र अमेरिकेला जायचा, मुलाकडे, किंवा मुलीच्या सासरी.

"चेहरा देवाचा," मालक म्हणत, "बाकी सगळं स्टुडिओचं."

हे गुपित गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण प्रत्येक घरात फोटो एकेकटा टांगलेला होता. मग एका वर्षी गावाच्या समितीनं ठरवलं, की चर्चशेजारच्या हॉलमध्ये 'आपले पूर्वज' अशी संध्याकाळ करायची. प्रत्येकानं घरचा सगळ्यात जुना फोटो आणायचा. मालकांनी समितीला एवढंच सांगितलं, "फोटो एकमेकांपासून लांब लावा." समितीनं ते सल्ला म्हणून ऐकलं आणि सोयीसाठी सगळे एका ओळीत लावले.

आम्ही सहकुटुंब गेलो होतो. अंड्याची सँडविचं, मोठ्या किटलीतला चहा, आणि भिंतीवर ओळीनं गावाचे पूर्वज. पबवाल्याचे पणजोबा. शाळामास्तरांचे खापरपणजोबा. ज्यांच्या शेताच्या बांधावरून कोर्टात पिढ्या गेल्या त्या दोन्ही घरांचे मूळपुरुष, शेजारी शेजारी. सगळे एकाच कोटात. सगळ्यांचं तिसरं बटण गायब. सगळ्यांच्या हातात कुत्र्याच्या डोक्याची काठी, आणि सगळ्यांचं घड्याळ एकाच वेळेला बंद पडलेलं.

हॉलमध्ये बराच वेळ फक्त किटलीचा आवाज होता. मग पबवाला घसा खाकरून म्हणाला, "काय कापड मिळायचं त्या काळी!"

"ग्रँड कापड," शाळामास्तर म्हणाले.

"ग्रँड," सगळा हॉल म्हणाला, आणि सँडविचकडे वळला. आपल्याकडे याच प्रसंगावरून दोन गट, एक चौकशी समिती आणि एक निषेधसभा झाली असती. इथे एक शब्द पुरला.

दुसऱ्या दिवशी मात्र मालकांच्या दाराशी रीघ. एकेक जण येई, हवेबद्दल बोले, आणि जाता जाता म्हणे, "आमचा कोट मात्र आमचाच होता, हं?" मालक म्हणत, "तुमचा तर खासच." सगळे खूश होऊन परत जात. पण त्या दिवसापासून पबमध्ये ते गेले की बोलणं अर्ध्यावर थांबायचं. ज्याला आपली पाठ दिसली आहे त्याच्याशी गप्पा कोण मारणार? पबवाल्यानं मला विश्वासात घेऊन सांगितलं, "युअर मॅन भला माणूस आहे. पण तसा तो इथला नव्हे. तुमच्यासारखाच, ब्लो-इन." युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत 'तो गृहस्थ'; ब्लो-इन म्हणजे वाऱ्याबरोबर आलेला, उपरा. पणजोबा दुसऱ्या परगण्यातून कॅमेरा घेऊन आले. पणतूनं सत्तरी ओलांडली, तरी वारा अजून थांबलेला नव्हता. मी नागरिकत्वाचा अर्ज भरत होतो त्या दिवसांत. बाकीची बियर मला जरा कडू लागली.

तर गावाची ही फजिती मी घरी, ऑफिसात, फोनवर, रंगवून रंगवून सांगितली. कारण आमच्या हॉलमध्ये आमचे पणजोबा टांगलेले होते, आणि ते अस्सल होते.

पगडी, अंगरखा, खांद्यावर शाल, कोरीव खुर्ची, हातात ग्रंथ. वाईजवळच्या एका गावचे इनामदार, असं वडील सांगायचे. आमचं आडनाव इनामदार नाही. पण असे प्रश्न आमच्या घरात कुणी विचारत नसे. फोटो मी विमानातून मांडीवर आणला होता. मालक गळका नळ बघायला आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम फोटोसमोर नेलं. "हा स्टुडिओचा कोट नाही बरं का."

त्यांनी चष्मा चढवला. फोटोच्या इतके जवळ गेले, की काचेवर वाफ धरली. मग विचारलं, "ते पुस्तक गरम होतं का?"

"काय?"

"पुस्तक बघा. शालीचं टोक मध्ये घेऊन धरलंय, दोन्ही हातांनी, अंगठे वर. गरम भांडं उतरवताना धरतात तसं."

"आमच्याकडे पोथी पवित्र असते," मी ताठ होऊन म्हटलं. "तिला उघड्या हातानं धरत नाहीत."

"असेल," ते म्हणाले, आणि नळाकडे गेले. त्या 'असेल'नं मला नंतर कितीतरी दिवस झोपताना टोचलं.

त्या उन्हाळ्यात आई आली. येताना तिनं गोडा मसाला, कुळथाचं पीठ आणि एक मागणी आणली. मागणी अशी, की या खेपेला तिला भिंतीवरचा फोटो काढून हवा होता. भिंतीवरचा म्हणजे मागे राहायचा. ज्याला हार घालतात तो.

याला कारण वडिलांचा फोटो. वडील गेले तेव्हा त्यांचा धड एक फोटो घरात सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून मोठं केलं. कापणाऱ्यानं बाकीची माणसं काढली, पण वडिलांच्या खांद्यावर ठेवलेला एक हात तसाच राहिला. धड नाही, बाही नाही, नुसता पंजा. हाराच्या आडून तो हात दर श्राद्धाला डोकावतो आणि जेवणाऱ्या मंडळींना विषय पुरवतो. "मधूचा असावा." "मधू त्या लग्नाला कुठे होता? रुसला होता तो." इतकी वर्षं झाली, हाताचा माणूस सापडलेला नाही.

"माझं असं व्हायला नको," आई म्हणाली. "माझा फोटो मी जिवंतपणी बघून, पसंत करून ठेवणार. परत यायला गुडघे साथ देतील न देतील. या खेपेलाच."

मी फोनमध्ये शोधून शोधून तिला तिचे फोटो दाखवले. तिनं एकेक नापास केला. "यात मी वाढत्येय. यात पण वाढत्येय. यात वाढून झालंय नि मी 'अजून घ्या' म्हणत्येय, म्हणून तोंड असं. अरे, भिंतीवर गेल्यावरही वाढतच उभी राहू का मी?"

नेमकं तेव्हाच आमच्या मराठी मंडळानं गणपतीत 'आपली मुळं' असं प्रदर्शन ठरवलं. अध्यक्ष त्यांच्या पणजोबांचा तलवारवाला फोटो आणणार होते. माझ्या डोक्यात किडा वळवळला. मालक होते, शेड होती, आई आली होती. आईच्या फोटोच्या निमित्तानं आपणही इनामदारी थाटात पत्र्यावर उतरावं, आणि पणजोबांशेजारी टांगून घ्यावं. अध्यक्षांना पणजोबाच होते. मला पणजोबा आणि पणतू दोन्ही झाले असते.

पगडी ऑनलाइन मागवली. अंगरखाही मागवला, तो आला शाळेतल्या स्नेहसंमेलनाच्या मापाचा. मग ठरवलं, की उघड्या अंगावर शाल घ्यायची आणि जानवं ठसठशीत दिसू द्यायचं. जानवं मी बारावीनंतर घातलेलं नव्हतं. तेही ऑनलाइनच आलं.

"फोटो आईंचा काढायचाय ना?" मंजिरी म्हणाली. "मग तू का उघडा बसतोयस?"

"घराण्याचा फोटो आहे."

"पगडी घालून उघडं कोण बसतं? वरून पुणं नि खालून कोकण."

ईरानं दारातून एकवार पाहिलं. "डॅड. प्लीज. शेजाऱ्यांना दिसतंय," असं ती अख्खं मराठीत म्हणाली. प्रसंग किती गंभीर होता ते यावरून समजावं. एरवी ती आम्हाला इथल्या क्लेअर परगण्याच्या इंग्रजीतच उत्तरं देते.

शेडमध्ये मालकांनी मला खुर्चीत बसवलं आणि चिमटा लावला. मंजिरी नऊवारीत माझ्यामागे उभी. आई बाकावर बसून बघत होती. "आधी तुमचं नाटक होऊ दे," असं तिनं बजावलं होतं.

"कोण दिसायचंय?"

"इनामदार," मी म्हटलं, आणि समजावलं. "म्हणजे जमीनदार. लँडलॉर्ड."

"हा शब्द इथे जरा जपून वापरा," ते म्हणाले. "लँडलॉर्डांनी इथे गावंच्या गावं हुसकावली. घर भाड्यानं देऊनही तो मला स्वतःला लावून घ्यायला पुष्कळ वर्षं लागली."

मग झाकण निघालं. ऊन आयरिश होतं, प्रार्थना दोनदा झाली. ऑगस्ट असूनही माझ्या उघड्या अंगावर काटा आला होता. तरी मी हललो नाही. या बाबतीत माझा लौकिक होता.

पत्रा औषधाच्या ताटलीत घालून त्यांनी ताटली माझ्यापुढे धरली. निळसर धुक्यातून आधी पगडी वर आली, मग मिशा, मग मी. मी फारच भारदस्त दिसत होतो. तेवढ्यात आई वाकून बघायला आली आणि ओरडली, "अगं बाई! अपसव्य!"

पत्र्यावरचा फोटो आरशासारखा उलटा पडतो, हे मालकांनी मला सांगितलं असणार. मी मिशांच्या विचारात असणार. डाव्या खांद्यावरचं जानवं फोटोत उजव्या खांद्यावर आलं होतं. आणि उजव्या खांद्यावर जानवं येतं ते एकाच वेळी: पितरांना पाणी सोडताना. इनामदाराच्या जागी, श्राद्धाला बसलेला एक मध्यमवयीन इंजिनिअर पगडी घालून समोर बघत होता. मागे मंजिरीचा पदर उजव्या खांद्यावर आणि कपाळावरचं लाल कुंकू कोळशासारखं काळं.

मालकांनी विचारलं, काय बिघडलं? मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "म्हणजे या फोटोत तुम्ही मेलेल्यांशी बोलताय."

मी ते भाषांतर करून आईला सांगितलं. वाटलं, रागावेल. ती हसायला लागली. हसता हसता बाकावर बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "मग बोल की. बसलाच आहेस तर घे पणजोबांचं नाव. पण खरं सांगून घे. ते इनामदार नव्हते रे. इनामदारांचे आचारी होते."

मंजिरीनं आणि मी एकमेकांकडे बघितलं. म्हणजे तिनं माझ्याकडे बघितलं; माझं डोकं अजून चिमट्यात होतं.

"सासूबाईंनी सांगितलं मला, आमटीची फोडणी दाखवताना. इनामदारांनी घरच्यांचे फोटो काढायला साताऱ्याहून माणूस बोलावला होता. सगळ्यांचे झाले. मग इनामदारीणबाई म्हणाल्या, रोज ज्यांच्या हातचं जेवतो त्यांना पण बसवा. इनामदारांचा अंगरखा घातला, शाल दिली, हातात पुस्तक दिलं. त्यांना वाचता कुठे येत होतं! चुलीपुढून उठून आलेले, जे हातात दिलं ते धरलं."

"बाबांना माहीत होतं?"

"होतं की. त्यांना ऑफिसात इनामदार बरं वाटायचं. मी म्हटलं, कुणाचं काय जातंय. आमटी तर तीच आहे."

मी मालकांना सगळं सांगितलं. 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणायची त्यांना चांगली संधी होती. ते म्हणाले, "नशीबवान माणूस. त्याला कोट घरच्यांनी दिला. इथे स्टुडिओला द्यावा लागला."

मग त्यांनी नवा पत्रा घेतला, खुर्ची पुसली आणि आईसमोर येऊन तोच प्रश्न विचारला. मी भाषांतर केलं. आईला अर्थ लागायला वेळ लागला नाही. उत्तर द्यायला लागला. आयुष्यात तिला हे कुणी विचारलं नसावं. आम्ही तर नव्हतंच विचारलं.

"मला बसायचंय," ती म्हणाली. "हातात चहाचा कप. दुसऱ्या कुणीतरी केलेला." मंजिरी निघाली तशी आईनं तिचा हात धरला. "तू नको. तू रोज करतेस. हा करेल."

तेव्हा पगडी घातलेला, उघडा, नुकताच इनाम खालसा झालेला मी मालकांच्या स्वयंपाकघरात गेलो आणि मुरंबा नि औषधं यांच्यामधून जीव मुठीत धरून चहाचा डबा शोधला. परत आलो तोवर आईनं पदर काढून उजव्या खांद्यावर घेतला होता. "उलटं पडतं ना? मग मी आधीच उलटी बसते. आरशातली बाई सरळ दिसेल." मालकांना हे कळल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "इतकी वर्षं इंजिनिअर लोकांना समजावतोय मी हे."

आईचा फोटो असा आला: खुर्चीत टेकून बसलेली बाई, पदर जागच्या जागी, हातात कप, नजर थेट समोर. हसत नाही. चहात काहीतरी कमी आहे आणि ते सांगावं की नाही याचा विचार करणारा चेहरा. साखर घालायची राहिली होती. आईनं पत्रा उजेडात धरून बराच वेळ बघितला. "हां," ती म्हणाली. "ही मी."

सगळं तिथेच संपायचं. पण आई उठली आणि खुर्चीकडे बोट दाखवून मालकांना मराठीतच म्हणाली, "आता तुम्ही. सगळ्या गावाला विचारता. तुम्हाला कोण दिसायचंय?"

मी भाषांतर केलं. ते मानेनं नाही म्हणाले. मग इंग्रजीत नाही म्हणाले, आयरिशमध्ये नाही म्हणाले. आई कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. आईपुढे वडिलांचंही कधी चाललं नव्हतं.

शेवटी त्यांनी खुंटीवरचा कोट काढला. मला वाटलं, घालणार. त्यांनी तो खुर्चीच्या पाठीला चढवला, बटणं लावली, बाह्या हातांवर नीट ठेवल्या. जणू कोणी बसलंय. मग स्वतः ठिगळांच्या स्वेटरमध्ये खुर्चीशेजारी उभे राहिले आणि कोटाच्या खांद्यावर हात ठेवला, जुन्या फोटोत नवऱ्यानं बायकोच्या ठेवावा तसा.

"मी या गावातला दिसायला हवा," ते म्हणाले.

भाषांतर या वेळी मंजिरीनं केलं.

झाकण आईनं काढलं. प्रार्थना तिला येत नव्हती, म्हणून तिनं दिवेलागणीचा श्लोक म्हटला. दोनदा म्हणायचा होता. म्हणता म्हणता सवयीनं पुढचाही म्हणून टाकला, त्यामुळे मालक जरा जास्तच उजळ आले, पहाटेच्या धुक्यात उभे असल्यासारखे. कोट मात्र काळाभोर.

गणपतीत मी पणजोबांना टांगलं आणि खाली लिहिलं: 'आचारी'. मंडळात आधी एका वहिनींनी आमटीचं प्रमाण विचारलं, मग रांग लागली. अध्यक्षांच्या तलवारीकडे कुणी बघेना. पुढच्या वर्षी प्रदर्शनात आचाऱ्यांची लाटच आली. स्वतः अध्यक्षांना आजोळकडून एक सापडला. घराण्याचा मोठेपणा असा. नाड्या ओढाल तसा बसतो.

मालक त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले, झोपेत, कुणाला तसदी न देता. सगळं गाव अंत्ययात्रेला आलं. "ग्रँड माणूस," पबवाला म्हणाला. इथे महिन्याभरानं एक छोटं कार्ड छापून वाटतात, गेलेल्याचा फोटो आणि चार ओळी. गॉलवे शहरात राहणाऱ्या त्यांच्या पुतणीला अख्ख्या घरात त्यांचा एकच फोटो मिळाला. तिला वाटलं, खुर्चीवर वाळत घातलेला जुना कोट कार्डावर कशाला? तिनं तो कापून टाकला. कार्डावर मालक एकटे, उजळ, न हसता उभे आहेत. त्यांचा एक हात बाजूला जातो, आणि कार्डाची कड येते.

ते कार्ड मी बराच काळ पाकिटात घेऊन फिरलो. मग वाईला आईकडे पाठवलं. तिचा स्वतःचा पत्रा ट्रंकेत पातळाच्या घडीत आहे. ती घाईत नाही.

तिचा फोन आला. "मिळालं रे कार्ड. यांच्या फोटोशेजारी ठेवलंय. आधी या बाजूला ठेवलं, तर हात भिंतीकडेच जायला लागला. मग उचलून पलीकडे ठेवलं, नि बसलं बघ. आता श्राद्धाला कुणी विचारू दे, खांद्यावर हात कुणाचा म्हणून."

"अगं, पण कार्ड एवढंसं, बाबांचा फोटो केवढा," मी म्हटलं. "माप कसं जुळेल?"

"नाही जुळत," आई म्हणाली. "त्यांनी कुठे कुणाची मापं घेतली होती?"